गरम मगर, गडद दगड

'मराठीत अ‍ॅनाग्रॅम-बिनाग्रॅम जमत नाहीत राव, ती मजा इंग्रजीतच!' हे ऐकलं की डोकंच फिरतं. अहो, 'गरम'ची अक्षरं हलवा, 'मगर' होते. 'दगड' हलवा, 'गडद' होतो. टपरीवरचा 'कडक' अन् स्वयंपाकघरातला 'डालडा' उलटा वाचला तरी तोच. 'रामाला भाला मारा' तर शाळेतलं पोरगंही उलटं वाचून दाखवतं. पण आपल्या आयटीवाल्यांचा प्रोग्राम म्हणतो, चूक! का? तर युनिकोडमध्ये 'ला' म्हणजे 'ल' आणि काना असे दोन तुकडे. आळशी कोड तेच उलटवतो, मग काना भलत्याच अक्षराला चिकटतो. यात भाषेचा काय दोष? आधी अक्षर म्हणजे काय ते शिका, मग मराठीला नावं ठेवा!