ज्याला भंगारात भाव नाही, त्याचे काय करायचे?

माननीय आयुक्त, पुणे महानगरपालिका,
आणि घनकचरा व्यवस्थापन विभागाचे प्रमुख,



दिवाळीच्या तोंडावर पुण्यातले माळे रिकामे होतात. रद्दी, तांब्या-पितळेची भांडी, जुना पंखा, इन्व्हर्टरची बॅटरी यांची काळजी कुणालाच करावी लागत नाही. भंगारवाला पैसे मोजून नेतो. मागे उरतात गेलेल्या ट्यूबलाइट, पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, झुरळांच्या औषधाचे अर्धवट डबे, खेळण्यांतले सेल, इन्सुलिनच्या सुया. त्यांना भाव नाही. म्हणून या वस्तू गुपचूप सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जातात.

ती पिशवी उघडते एक बाई. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली, आणि आज या शहराचा कचरा दारोदार गोळा होऊन हाताने वेगळा होतो तो या बायांमुळे. सीएफएल दिवा फुटला की पाऱ्याची वाफ त्यांच्या श्वासात जाते. सुई त्यांच्याच बोटात घुसते. कुणी म्हणेल, गोळ्या तरी संडासात टाकाव्यात. पण आपले मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प औषधे वेगळी काढण्यासाठी बांधलेलेच नाहीत, त्यांचा अंश मुळा-मुठेत उतरतो.

घरातल्या या घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे २०१६च्या घनकचरा नियमांनीच सांगितले होते. पुण्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे २५ केंद्रे तरी हवीतच. मला तीही अपुरी वाटतात. धानोरीतल्या आजी दोन ट्यूबलाइट घेऊन बसमध्ये चढणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये.

म्हणून माझी मागणी अशी: महिन्यातला एक ठरलेला दिवस फक्त या कचऱ्यासाठी ठेवा. तो दारातून वेगळा उचलला जावा. उचलणाऱ्या कचरावेचकाला बंद पेटी, जाड हातमोजे आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. हे जोखमीचे काम आहे, ते नेहमीच्या पैशांत उरकून घेऊ नका. औषधांसाठी केमिस्टांना सोबत घ्या. केरळने २०२५मध्ये कोझिकोडपासून घराघरांतली नकोशी औषधे गोळा करायला सुरुवात केली. पुण्याला ते जड जाऊ नये.

गोळा केलेले न्यायचे कुठे, हा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आहे. कारखान्यांचे विष तिथे जाते, तर आमच्या घरातले का जाऊ नये?

आणि केंद्रांचे पत्ते, वेळा, उचलण्याचा दिवस हे सगळे मिळकतकराच्या बिलाच्या पाठीवर छापा. ते बिल प्रत्येक घरात नीट वाचले जाते.

आपली,
पुण्यातली एक मिळकतकरदाती