हिरव्या कोर्सची शंभर टक्के हजेरी

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की एक मेल येतो. "आपलं पर्यावरण आणि जबाबदार वर्तन हे ट्रेनिंग अजून बाकी आहे." दोन दिवसांनी रिमाइंडर, मग मॅनेजर सीसीमध्ये, मग टीमच्या ग्रुपवर लाल रंगाची एक्सेल शीट. आयटीवाल्या मंडळींना यात नवीन काही नाही. चाळीस मिनिटांचा कोर्स, हसरी पृथ्वी, तिच्या डोक्यावर हिरवं पान आणि शेवटी दहा प्रश्न. "प्रिंट काढण्यापूर्वी तुम्ही काय कराल?" आता यावर "काही नाही, दोन कॉपी काढीन" असं उत्तर देणारा इंजिनिअर अजून जन्माला यायचाय. :-)

टिंगल करायची तर ती कॅन्टीनमध्ये रोज होतेच. माझी तक्रार कोर्स कंटाळवाणा आहे ही नाही. जे आमच्या हातात आहे ते हा कोर्स शिकवत नाही, जे आमच्या हातात नाही त्याचं ओझं आमच्यावर टाकतो आणि ज्यांना खरंच शिकवायला हवं (किंवा ज्यांच्याकडून शिकायला हवं) त्यांना दारातच उभं ठेवतो, ही आहे.

आधी हा मेल याच सुमाराला का येतो ते बघू. सेबीने २०२१ साली बीआरएसआर नावाचा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वं आहेत, सहावं पर्यावरणाचं. आणि त्यात अगदी सुरुवातीलाच एक तक्ता आहे: या तत्त्वांवर वर्षभरात किती ट्रेनिंग झाली आणि किती टक्के लोकांना ती मिळाली. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. म्हणजे त्या लाल एक्सेलचा उगम इथे आहे. अहवाल मागणं चांगलंच आहे, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण जी गोष्ट टक्क्यात मोजली जाते ती शंभर करायच्या मागे सगळे लागतात, आणि कोर्स बघून नंतर कुणी काय वेगळं केलं हा प्रश्न मागे पडतो.

आता शिकवतात काय? जुने ईमेल डिलीट करा, म्हणजे सर्व्हरची वीज वाचेल. हा सल्ला फक्त आपल्याकडेच मिळतो असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात दुष्काळ होता तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेने पाणी वाचवायला लोकांना जुने ईमेल आणि फोटो उडवायला सांगितलं, आणि जगभरच्या इंजिनिअर मंडळींनी कपाळावर हात मारला. डिस्कवर नुसत्या पडून असलेल्या ईमेलला जवळजवळ काहीच लागत नाही. चालू सर्व्हरला लागतं.

मग चालू सर्व्हरचंच बोलू. आठवड्याचे तास १६८. आमच्यासारख्या प्रोजेक्टचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते रात्री आठ वापरलं जातं. झाले ६० तास. उरलेले १०८ तास, म्हणजे ६४ टक्के वेळ, ती मशिन्स कुणाचीही वाट न बघता चालू असतात. गूगलच्या दोन इंजिनिअरांनी २००७ मध्येच लिहून ठेवलंय की चांगला सर्व्हरसुद्धा काहीही काम नसताना पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मी वीज खातो. तेव्हापासून सुधारणा झाली, पण रिकामा सर्व्हर आजही फुकट चालत नाही. (क्लाउडवर आपण मशिन बंद केलं म्हणजे मागचा खरा डबा बंद होतोच असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती जागा दुसऱ्याला मिळते, आणि नवीन डबा उशिरा विकत घ्यावा लागतो.)

क्लाउड म्हटलं की कोर्समध्ये पांढरा ढग आणि खाली झाडं. ॲमेझॉनच्या क्लाउडची मुंबई रीजन २०१६ साली सुरू झाली, बाकीच्यांचीही डेटा सेंटर्स मुंबई-नवी मुंबईत आहेत. आणि महाराष्ट्राची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर चालते: चंद्रपूर, कोराडी, भुसावळ. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर पहिल्या पाचात होतं. शनिवारी-रविवारी रिकाम्या चालणाऱ्या टेस्ट सर्व्हरचा धूर पुण्यात दिसत नाही, इतकंच.

आमच्या टीमने गेल्या वर्षी रात्री आणि वीकेंडला हे सगळं बंद करणारी स्क्रिप्ट लिहिली. पन्नासेक ओळी. बिल उतरलं, मॅनेजर खूश झाला. पण पर्यावरणाच्या हिशोबात ती कुठेच आली नाही, कारण भाड्याने घेतलेला क्लाउड स्कोप ३ मध्ये मोडतो आणि बीआरएसआरमध्ये स्कोप ३ ऐच्छिक गटात आहे. कोर्समध्ये अशा स्क्रिप्टबद्दल एक स्लाइड नाही. "मॉनिटर बंद करा" यावर तीन आहेत.

आता ओझ्याकडे. कोर्स म्हणतो एसी जपून वापरा. आमच्या मजल्यावर थर्मोस्टॅट आहे, पण तो कुलूपबंद प्लॅस्टिकच्या पेटीत. आत २१ अंश. मे महिन्यात बाहेर रस्ता वितळतोय आणि अर्धी टीम जॅकेट घालून बसलीय. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच ऑफिसांना २४ चा सल्ला दिला होता. ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशोब असा की एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. तीन अंश म्हणजे किती ते तुम्हीच बघा. पण पेटीची किल्ली आमच्याकडे नाही, आणि जिच्याकडे आहे त्या फॅसिलिटी टीमला वरून कुणी सांगत नाही. लॅपटॉपचंही तेच. बनवणाऱ्या कंपन्यांचेच रिपोर्ट वाचा, बहुतेक लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनात निम्म्याहून मोठा वाटा तो बनवतानाचाच असतो. म्हणजे सगळ्यात सोपा उपाय तो जास्त वर्षं वापरणं. पॉलिसी मात्र तीन वर्षं झाली की परत करा म्हणते, चालत असला तरी.

आणि आता मावशींबद्दल. आमच्या पॅन्ट्रीत हिरवा आणि निळा असे दोन डबे आहेत. कोर्समध्ये कुठला कशासाठी यावर प्रश्नही असतो. एकदा मावशींना विचारलं, "दोन्ही वेगळं जातं ना?" त्या म्हणाल्या, "दादा, पिशव्या एकाच रंगाच्या देतात. खाली नेल्यावर कुठली कुठली ते मलाच लक्षात ठेवायला लागतं." कचरा प्रत्यक्ष हाताळणाऱ्या या बाईंना कोर्स नाही, कारण त्यांना लॉगिन नाही, कारण त्या कंत्राटदाराच्या. आणि कोर्स इंग्रजीत. ज्या पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, जिथे २००८ साली 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर करार केला, त्या पुण्यात कचऱ्याचे धडे आम्हाला स्टॉक फोटोतला गोरा मुलगा देतो!

हे सगळं इंजिनिअरिंगमध्येही झालंय. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीने पदवीसाठी एक अभ्यासक्रम केला, त्याचं पुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी लिहिलं. बरं पुस्तक आहे. त्यातला आठवा घटक क्षेत्रभेटीचा: नदी बघा, प्रदूषित जागा बघा, लिहा. आमच्या कॉलेजात सात घटकांच्या नोट्स झाल्या आणि आठवा कागदावर उरकला. ऑफिसच्या कोर्सने तर तो ठेवलाच नाही.

म्हणून यंदा फीडबॅकच्या चौकटीत मी तीनच गोष्टी लिहिल्यात. चाळीसातली वीस मिनिटं प्रत्येक टीमला आपल्याच सर्व्हरचा रिकामा वेळ मोजायला द्या. थर्मोस्टॅटचा आकडा आणि लॅपटॉपची पॉलिसी कोण ठरवतं त्या लोकांची नावं कोर्समध्ये टाका, म्हणजे प्रश्न कुणाला विचारायचा ते कळेल. आणि उरलेल्या वेळात आम्हाला कॅम्पसचा एसटीपी दाखवा. तो पार्किंगच्या मागे आहे, चालत चार मिनिटं. मी बघून आलोय. तिथला ऑपरेटर बाहेरून येणाऱ्या टँकरचा आणि बागेला जाणाऱ्या पाण्याचा हिशोब रोज वहीत लिहितो, आणि विचारलं की उत्साहाने समजावून सांगतो. म्हणाला, इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावरून खाली बघायला आलेला तुम्ही दुसरे.