धुळीचा पत्ता

देवास म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे शिवपुत्र कोमकळी क्षयाने आजारी पडले आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली देवासला जाऊन राहिले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ते बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले. इंदूरच्या एका अंगाला देवास, दुसऱ्या अंगाला धार. दोन्ही पवारांची जुनी संस्थानं, मराठी माणसाच्या ओळखीची.

त्याच धार जिल्ह्यातल्या आदिवासींची गोष्ट मात्र वेगळी आहे. धार, झाबुआ आणि अलीराजपूरमधली भिल्ल-भिलाला कुटुंबं पोटासाठी गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडे गेली. तिथं गारगोटीचा दगड दळून काचेच्या उद्योगासाठी पूड करणारे कारखाने होते. ही पूड श्वासावाटे फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. काही महिनेच काम केलेली तरणीताठी माणसंही गावी परतून दम लागून गेली. पुष्कळांना क्षय समजून गोळ्या दिल्या गेल्या.

१९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळवणं सक्तीचं केलं होतं. पण हजेरीपटावर नावच नसेल, तर कळवणार कोणाबद्दल? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. पैसे द्या, असा न्यायालयाचा आदेश यायला २०१६ उजाडलं.

हे सगळं आठवायला कारण झालं माझ्या भाच्याचं. त्याची लहानशी फाउंड्री आहे. तो ज्यांना कास्टिंग देतो, त्यांचा माल पुढे युरोपात जातो. त्यांच्याकडून एक लांबलचक प्रश्नावली आली. वाळू कुठून येते, तिथं मजूर कोण, त्यांना पगारचिठ्ठी मिळते का, मुलं कामाला आहेत का? "मामा, सगळीकडे 'लागू नाही' लिहून टाकू का?" त्याने विचारलं.

हे कागद कुठून येतात, ते त्याला सांगितलं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या वेठबिगारीबद्दल निवेदन काढावं लागतं. गंमत अशी की "आम्ही काहीही केलं नाही" एवढं लिहिलं तरी त्या कायद्याची अट पुरी होते! जर्मनीचा २०२३ पासूनचा कायदा अधिक कडक निघाला. तरी त्याचीही मुख्य नजर थेट माल देणाऱ्यावर, साखळीत त्याच्या मागे असणाऱ्यांकडे ठोस माहिती हाती आली तरच वळायचं. आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. दगड दळणारा मजूर या सगळ्या कागदांच्या तळाशी असतो.

म्हणून भाच्याला म्हटलं, 'लागू नाही' लिहू नकोस. ठाऊक नसेल तिथं "ठाऊक नाही, चौकशी चालू आहे" लिही. आणि वाळूवाल्याच्या आधी स्वतःच्या शेडमध्ये बघ. साचे फोडताना, फेटलिंग करताना उडणारी धूळ तीच आहे. पाणी मारता येतं, धूळ ओढून घेणारे पंखे बसवता येतात. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. कंत्राटी माणसांची नावं मस्टरवर चढव, छातीचे फोटो काढून घे.

"खर्च कोण देणार मामा? दर तर ते दरवर्षी खाली ओढतात," तो म्हणाला. मुद्दा खरा आहे. म्हणून प्रश्नावलीच्या शेवटी त्याने आपलाही एक प्रश्न जोडला आहे: पंख्यांचा खर्च धरून नवा दर मान्य आहे का? उत्तराची वाट न पाहता त्याने मस्टर मात्र नवं केलं. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या शेड आहेत, त्यांनी मराठीतली धूळ म्हणा की कन्नडमधली 'धूळु', एकदा आपल्या दारातली बघून घ्यावी.