बहिऱ्या मुलाचा तोल

"याला ऐकू येत नाही हे कळलं, पण दीड वर्षाचा झाला तरी चालत का नाही?" असे आईने विचारले की बरोबर आलेली आजी परस्पर सांगून टाकते, "आळशी आहे, बापावर गेलाय." बापाचे मला ठाऊक नाही, मूल मात्र आळशी नसते.

कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या असतात. शरीराचा तोल त्या सांभाळतात. जन्मजात दोषाने किंवा मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाने ऐकणे गेले, तर काही मुलांचा तोलही बिघडतो. मग मान धरणे, बसणे, चालणे सारेच लांबते. बुद्धी मंद म्हणून नव्हे.

पुढे डोळ्यांच्या आणि पायांच्या आधाराने मूल सावरते व घरचे निर्धास्त होतात. खरा धोका इथेच आहे. अंधारात ते अडखळते, आणि विहिरीत बुडी मारली तर वर कुठे, खाली कुठे हेच त्याला उमगत नाही. अशा मुलाला पाण्यात एकटे सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

श्रवणयंत्र बसवले की आपण सुटलो, असे पालक मानतात. आम्ही डॉक्टरही कित्येकदा तेवढ्यावरच थांबतो. हे मला मान्य नाही. तोलाची तपासणीही मागून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांनाही मूल उशिरा चालले हे आवर्जून सांगा. आणि कडेवरून खाली उतरवा त्याला. पायऱ्या चढू द्या, फरशीच्या रेघेवरून चालू द्या, लंगडी घालू द्या; हात धरायला आपण जवळ असलो म्हणजे झाले.