साडेअठ्ठावन्न टक्क्यांचा हिशेब

कर्नाटकाच्या सातव्या वेतन आयोगाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. ज्याच्या घरात सरकारी नोकरी आहे तो म्हणतो, महागाईपुढे हे काहीच नाही. ज्याच्या घरात नाही तो म्हणतो, खजिना लुटला. जुलै २०२४मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्टपासून लागू करण्याची घोषणा विधानसभेत केली, तेव्हा सर्वांच्या तोंडी एकच आकडा होता : साडेअठ्ठावन्न टक्के. कट्ट्यावर या आकड्यावरून तासन् तास वाद झाले, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलेला मात्र कोणी दिसला नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एवढे तरी करावे, म्हणून हा प्रपंच.

पूर्वी सर्वांत खालचे मूळ वेतन १७,००० रुपये होते. त्यावर १ जुलै २०२२ रोजीचा ३१ टक्के महागाईभत्ता, म्हणजे ५,२७० रुपये, मूळ वेतनात मिळवला. मग २७.५ टक्क्यांची वाढ, म्हणजे ४,६७५ रुपये. बेरीज झाली २६,९४५. ती पूर्णांकात आणून २७,०००. झाले साडेअठ्ठावन्न टक्के. पण यातील ५,२७० रुपये त्या कर्मचाऱ्याला आधीपासूनच मिळत होते, फक्त वेगळ्या रकान्यात. उरलेल्या ४,६७५ पैकी १७ टक्के, म्हणजे २,८९० रुपये, अंतरिम वाढ म्हणून एप्रिल २०२३पासून हातात पडत होते. मूळ वेतनापुरते पाहिले तर ऑगस्ट २०२४ला खरोखर नवे मिळाले ते साडेदहा टक्के.

मग सरकारनेच सांगितलेला वर्षाला २०,२०८ कोटींचा जादा भार आला कोठून? २०२४-२५चे मूळ अंदाजपत्रक ३,७१,३८३ कोटींचे होते. म्हणजे शंभरातले जवळजवळ साडेपाच रुपये. एक तर कर्मचारी पाच लाखांवर आहेत आणि त्यांत निवृत्तांची भर आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की मूळ वेतन हा नुसता पगार नाही, तो पाया आहे. १७,०००वर एक टक्का महागाईभत्ता वाढला तर १७० रुपये जातात, २७,०००वर २७०. निवृत्तिवेतनाचेही तेच. किमान निवृत्तिवेतन ८,५०० होते ते १३,५०० झाले, कमाल ७५,३०० होते ते १,२०,६०० झाले. दोन्ही वेळा मूळ वेतनाच्या बरोबर निम्मे. करार एकदा होतो, त्याचे हप्ते मात्र अंदाजपत्रक पुढची वीस-तीस वर्षे फेडत राहते. (कन्नडमध्ये महागाईभत्त्याला ‘तुट्टी भत्ये’ म्हणतात. तुट्टी म्हणजे महाग. पण मराठी कानाला त्यात ‘तूट’च ऐकू येते, आणि अर्थखात्याला तो अर्थ अमान्य होईल असे वाटत नाही.)

माझी तक्रार वाढीविषयी नाही. सत्तावीस हजारांत बेळगावसारख्या गावात भाडे, मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्यांची औषधे भागवणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणी लुटारू म्हणू नये. तक्रार आहे ती वाढ देण्याच्या रीतीविषयी. सहाव्या आयोगाची वाढ एप्रिल २०१८पासून, आणि विधानसभेचे मतदान मे २०१८मध्ये. १७ टक्क्यांचा आदेश १ मार्च २०२३ला, संप सुरू झाला त्याच दिवशी. मतदान १० मे २०२३ला. महागाई दर महिन्याला वाढते, सरकारला ती पाच वर्षांतून एकदा दिसते. दरसाल थोडी तरतूद करून ठेवली असती तर एकदम एवढा बोजा आला नसता. पण तसे केल्याने श्रेय घ्यायला दिवस उरत नाही.

परिवहन महामंडळांचे उदाहरण याच्या उलट. तिथे दर चार वर्षांनी वेतनकरार व्हावा अशी पद्धत. मार्च २०२३मध्ये १५ टक्के वाढ झाली, पण जानेवारी २०२०पासूनची ३८ महिन्यांची थकबाकी मागत कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा संप करावा लागला. सरकार म्हणत होते देणे लागत नाही, कामगार म्हणत होते लागते. एवढी मोठी रक्कम वादात असताना ती हिशेबात कोठे धरायची? आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की संभाव्य देणी ताळेबंदाखाली टीप देऊन दाखवावीत. किराणा दुकानाला जो नियम तो राज्याला का नसावा?

जुन्या निवृत्तिवेतनाची गोष्ट तर याहून नाजूक. कर्नाटकात ते १ एप्रिल २००६ नंतर भरती झालेल्यांसाठी बंद झाले, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर. महाराष्ट्रात त्यासाठी मार्च २०२३मध्ये आठवडाभर संप झाला. मागणी मान्य केली तर आजच्या मंत्र्याला त्रास नाही, उलट फायदाच. नव्या योजनेत सरकारला दरमहा १४ टक्के वाटा भरावा लागतो, तो वाचेल. खरे बिल येईल २००६ची पिढी निवृत्त होऊ लागेल तेव्हा, आणि ते भरणारे करदाते आज या महाविद्यालयात बसले आहेत. आमचे मत कोणी विचारलेले नाही.

आणि मधल्या काळात सरकार बचत करते ती कशातून? मंजूर सुमारे पावणेआठ लाख पदांपैकी अडीच लाखांहून अधिक रिकामी आहेत. सरकारी पदवी महाविद्यालये अतिथी व्याख्यात्यांवर चालतात. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी काम बंद ठेवले तेव्हा कित्येक ठिकाणी वर्गच भरले नाहीत. आत असलेल्यांना करार आणि दाराबाहेरच्यांना मानधन, अशी ही वाटणी आहे. कर्मचारी संघटनेने आपल्या मागणीपत्रात वेतनवाढीच्या शेजारी ‘रिक्त पदे भरा’ ही ओळही लिहिलेली असते. पण वाटाघाटीत पहिली गळते ती हीच.

आमच्या वर्गातले निम्मे तरी मित्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करतात. सकाळी वाचनालय उघडण्याआधी पायऱ्यांवर त्यांच्या वह्यांची रांग लागलेली असते. २७,००० हा आकडा त्यांतल्या प्रत्येकाला पाठ आहे.