चूक इंग्रजांची नव्हती

फेब्रुवारी उजाडला की एक संदेश फिरू लागतो: शिवरायांची जन्मतारीख इंग्रजांनी मुद्दाम बिघडवली. वरवंडच्या गटांतही तो दरवर्षी येतो आणि शेकडो अंगठे मिळवून जातो. हा धागा त्या विधानाविरुद्ध आहे.

ग्रँट डफने जन्मवर्ष 1627 दिले, हे खरे. परंतु शके 1549, म्हणजे तेच वर्ष, मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतही आहे. चूक आपल्याच कागदांत वस्तीला होती. ती दुरुस्तही मराठी कागदानेच केली: कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली, जी लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली.

शकावलीत शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. हा पसारा कोणास पाल्हाळ वाटेल. पण त्यातच चूक पकडण्याची सोय आहे. शकात 12 मिळवा, 60 ने भागा. बाकी 3 उरते. प्रभव, विभव, शुक्ल. तिसरे नाव शुक्लच. नकलकाराने 1551 चे 1541 केले असते, तर बाकी 53 उरून सिद्धार्थी संवत्सर आले असते आणि लबाडी नव्हे, पण हातचूक तरी तत्काळ उघडी पडली असती. तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीवरून तपासता येतो.

येथेच आजचे हौशी दुरुस्तीकार घसरतात. मोबाइलमध्ये 19 फेब्रुवारी 1630 ला मंगळवार दिसतो. लगेच शकावली खोटी! अहो, ती तारीख इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत चाललेल्या जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. त्यात तो दिवस शुक्रवारच. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस 1 मार्च होतो.

अर्थात जंत्री हाताशी असलेला लबाडही निर्दोष तिथी रचू शकतो. म्हणून दुसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतो. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हीच तिथी देते.

यदुनाथ सरकारांसारख्या कसलेल्या संशोधकाने 1627 हेच वर्ष धरले होते. त्यांचे मत मागे पडले ते या दोन साक्षींमुळे. कोणी त्यांना गोऱ्यांचा हस्तक म्हटले म्हणून नव्हे. तेव्हा यंदा तो संदेश पुढे ढकलणाऱ्यांना एवढेच विचारावे: चिटणीस कोणत्या इंग्रजाचे नाव?