पेट्रोलच्या दरात पावाचा हिशेब

मॉरिशसमध्ये खनिज तेल निघत नाही आणि तेलशुद्धीकरण कारखानाही नाही. तरीही सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या आणि साडेबारा लाख वस्तीच्या या द्वीपराष्ट्रात नोंदणीकृत वाहने सहा लाखांच्या पुढे गेली आहेत. त्यांना लागणारे सारे पेट्रोल पोर्ट लुई बंदरात जहाजाने उतरते. आयातीची जबाबदारी सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे आहे. २००७ पासून अनेक वर्षे हा पुरवठा मंगळूरच्या एमआरपीएल या भारतीय कंपनीने केला.

मात्र तेथील पेट्रोलचा प्रश्न केवळ आयातीचा नाही. पंपावरील दरात उत्पादन शुल्क, १५ टक्के मूल्यवर्धित कर आणि रस्ते देखभालीचा आकार तर असतोच. शिवाय स्वयंपाकाचा गॅस, तांदूळ आणि पीठ यांवरील अनुदानाचा भारही प्रत्येक लिटरवर टाकला गेला. २०२१ मध्ये कोविड लशींसाठी लिटरमागे आणखी दोन रुपये आकारले गेले. म्हणजे मोटार चालवणाऱ्याच्या खिशातून गरिबाच्या पावाला हातभार लागतो. वरकरणी ही व्यवस्था न्याय्य वाटते. पण महागड्या इंधनाची झळ मालवाहतुकीतून बाजारभावापर्यंत पोहोचते आणि तोच गरीब दुसऱ्या वाटेने ती रक्कम भरतो. एप्रिल २०२२ मध्ये इंधन व गॅसच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्यामागे हीच कोंडी होती.

खप घटवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विद्यार्थी व ज्येष्ठांना २००५ पासून बसप्रवास मोफत आहे. भारताच्या साह्याने उभारलेली मेट्रो २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली. विजेवरील मोटारींना करसवलतीही मिळाल्या. परंतु विजेचा मोठा वाटा अजूनही आयात कोळसा आणि जड तेलावरच अवलंबून असल्याने परावलंबनाचे केवळ रूप बदलते. दुसरीकडे, पेट्रोलचा खप घटला की परकीय चलन वाचते, पण अनुदानाचा झराही आटतो.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांच्या वंशजांसह तेथील प्रत्येक कुटुंबाच्या घरखर्चाशी हा पेच निगडित आहे. तो सोडवायचा तर अन्नाच्या अनुदानाची पेट्रोलशी बांधलेली गाठ आधी सोडवावी लागेल आणि त्यासाठी सर्वसाधारण अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी लागेल. अन्यथा ज्या इंधनापासून देशाने सुटका करून घ्यायची, त्याच्याच खपावर गरिबाचे ताट अवलंबून राहील.